जामीन मिळाला, पण पोरगा अजून आतच आहे

खिळेजुळारी

एरवी मी इथे छपाई आणि जुन्या टाइपांच्या धाग्यांवरच असतो. हा विषय माझा नव्हे, पण गेले काही महिने डोक्यातून जात नाही.

पिंपरीच्या बाजूला आमचा लहानसा छापखाना आहे. कटिंग मशीनवर एक पोरगा होता, बावीस-तेवीसचा, मूळचा यवतमाळकडचा. हात सफाईदार, बोलणं कमी. त्याने चार हजारांना जुना मोबाइल घेतला आणि तो चोरीचा निघाला. पोलीस त्याला मशीनवरूनच घेऊन गेले. दोन महिन्यांनी कोर्टाने जामीन दिला. पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे त्याचं स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. मला वाटलं, सुटला. त्या हुकमाला आता साडेतीन महिने झाले, पोरगा आतच आहे. आई गावी शेतमजूर, जमीन नाही, पुण्यात ओळख म्हणजे आम्ही आणि त्याच्या खोलीवरचे तीन पार्टनर, तेही त्याच्यासारखेच.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदा मुलाखतीला गेलो. सातला रांगेत उभा राहिलो, नंबर अकराला लागला. मध्ये काच, दोन्हीकडे फोन, फोनात खरखर. जेवतोस का विचारलं तर हो म्हणाला. मग हसत म्हणाला, "शेठ, रात्री कुशीवर वळायचं तर आख्ख्या लाइनीला वळावं लागतं."

बाहेर पडताना कमानीवर 'सुधारणा व पुनर्वसन' असं ठळक लिहिलेलं दिसलं. अक्षरं मात्र सुबक होती, धंद्याची सवय म्हणून तेवढं नजरेत भरलं.

या पोराला बाहेर काढायचा रस्ता कोणता, हे कोणाला माहीत असेल तर सांगा. आणि तुरुंग सुधारणा म्हणतात ती नेमकी कशाची करायची असते, भिंतींची, जेवणाची, की आणखी कशाची?

तोरणा

चोरीचा माल घेताना बिल मागायला काय झालं होतं? उगाच कळवळा नको. तुरुंग म्हणजे लॉज नव्हे. कुशीवर वळायला जागा हवी असेल तर बाहेर नीट राहावं.

भाकरतुकडा

तोरणा, तुम्ही मागच्या महिन्यात जुन्या बाजारातून कॅमेऱ्याची लेन्स घेतल्याचा धागा काढला होतात. बिल जपून ठेवलंय ना? (हलके घ्या.)

काळा कोट

खिळेजुळारी, आधी उपयोगाचं सांगतो, वाद नंतर घालू.

चोरीचा माल बाळगणं, जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. आणि पोरगा जामीन होऊनही साडेपाच महिने आत. हे रोजचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी यावर स्पष्ट सूचना दिल्या आहेत. जामीन मिळून सात दिवसांत बंदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, हेही त्यातच आहे.

तुम्ही एवढंच करा. जिल्हा कोर्टात लोकअभिरक्षक कार्यालय असतं, तिथे केस नंबर घेऊन जा. वकील फुकट मिळतो. अर्ज करायचा की जामीनदाराऐवजी रोख जामीन घ्या, किंवा नुसत्या जातमुचलक्यावर सोडा. अवघड काम नाही. अडचण एवढीच की ते करायला बाहेर कोणीतरी लागतं.

खिळेजुळारी

काळा कोट, मनापासून आभार. त्याला वकील आहे म्हणतो, पण नाव माहीत नाही. "एक मॅडम होत्या, नंतर दुसरे साहेब आले." केस नंबर मिळवतो.

विदावेडा

थोडे आकडे टाकतो, म्हणजे हवेतल्या गप्पा नकोत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ आणि आत माणसं ५,७३,२२०. म्हणजे शंभराच्या जागेत एकशे एकतीस. आता पुढचा आकडा बघा. यातले कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू आहे आणि गुन्हा अजून शाबित नाही असे, ४,३४,३०२.

पुन्हा वाचा. शिक्षा झालेला एकही माणूस आत नसता तरी आपले तुरुंग काठोकाठ भरलेले असते.

मिरजमळा

बापरे. +१. दोनदा वाचलं.

तोरणा

मग नवीन तुरुंग बांधा की. प्रश्न मिटला.

लाल गेट

मी या खात्यात तीस वर्षं काढली, शिपाई म्हणून लागलो आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. कुठे कुठे ते विचारू नका.

तोरणासाहेब, बराक बांधली की भरते. मुंबईच्या आर्थर रोडची अधिकृत क्षमता वर्षानुवर्षं ८०४ सांगत, आत तीन हजार. आमच्या वेळी ठाण्याचा ताण कमी करायला कल्याण होतं, मग तळोजा आलं. आज तिन्ही भरलेले. घराचा नळ वाहतोय आणि तुम्ही बादल्या विकत आणताय.

माणसं आमच्यावर बोट ठेवतात. ठेवावं, आमच्यातही लबाड होते, हात चालवणारे होते. पण रात्रपाळीला अडीचशे माणसांच्या बराकीबाहेर मी एकटा असायचो, काठी आणि शिट्टी घेऊन. आत कोणाला फीट आली तर आधी वरच्याला कळवायचं, मग चावी यायची, मग कुलूप उघडायचं. तोवर बाकीचे बंदी त्याच्या हातात चप्पल नाहीतर कांदा देऊन बसलेले. डॉक्टरची जागा रिकामी, कंपाउंडर रजेवर. सुधारणेची भाषणं २६ जानेवारीला व्हायची, तेव्हा गणवेश आमचाच इस्त्री केलेला असायचा.

कोर्टाच्या तारखेचंही ऐका. बंदीला कोर्टात न्यायला पोलीस पार्टी लागते. ती बंदोबस्तात अडकली की 'पार्टी उपलब्ध नाही' असा शेरा आणि पुढची तारीख. आता व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, आली आहे. पडद्यावर बंदीने हात जोडायचे, आवाज येतोय की नाही ते त्यालाही कळत नाही आणि कोर्टालाही.

काळा कोट

सुभेदारसाहेब, तो कागद गेटवर पोचण्याचा किस्साही सांगा.

लाल गेट

सगळ्यांना माहीतच आहे तो. २०२१ साली एका नटाच्या मुलाला हायकोर्टाचा जामीन मिळाला. हुकमाची प्रत आर्थर रोडच्या पेटीत ठरलेल्या वेळेत पडली नाही म्हणून आणखी एक रात्र आत. टीव्हीवाले पेटीचे फोटो काढत होते. अहो, आम्ही ती पेटी रोज उघडायचो! गरिबाच्या कागदासाठी कोणी कॅमेरा घेऊन आलं नाही. त्यानंतर हुकूम ऑनलाइन पाठवायची व्यवस्था सुरू झाली ते बरं झालं. पण जामीनदारच नसेल तर हुकूम विजेच्या वेगाने येऊन काय उपयोग?

सेटलमेंटवाला

जामीनदाराचं बोलताय म्हणून लिहितो. मी सोलापूरचा. आमच्या वस्तीला अजून लोक सेटलमेंट म्हणतात, कारण इंग्रजांनी आमच्या लोकांना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्मालाच चोर. १९५२ साली कायदा गेला, आम्ही 'विमुक्त' झालो, पण कागदावर.

मोबाइल चोरीला गेला की पहिली जीप आमच्याकडे येते. मग जामीन झाला की जामीनदार आणा. सातबारा आणा, घरपट्टीची पावती आणा, ऐपतीचा दाखला आणा. पालात राहणाऱ्या पारध्याची घरपट्टी कोण घेतं? माझा चुलता अकरा महिने आत होता आणि शेवटी निर्दोष सुटला. अकरा महिन्यांचं कोणी काही बोललं नाही.

३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कोणी वाचला आहे का? तुरुंगांच्या नियमावल्यांत जातीवरून काम वाटून दिलेलं होतं. झाडू-संडास एका जातीला, स्वयंपाक दुसऱ्या. काही राज्यांत तर भटक्या-विमुक्तांना सरळ 'सराईत' धरायचं, असं छापलेलं. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. २०२४ साली! स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर.

मिरजमळा

हे मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं, निदान तुरुंगात तरी सगळ्यांना एकच कपडे असतात.

सेटलमेंटवाला

कपडे एकच, दादा. झाडू कोणाच्या हातात ते वेगळं.

अनामिक ४१

या धाग्यासाठीच नवीन आयडी घेतला. ४१ म्हणजे मी आत काढलेले दिवस. धंद्यातल्या भागीदाराने घातलेला खटला होता, पुढे मिटला. कुठला तुरुंग ते लिहीत नाही.

त्या पोराचं कुशीवर वळणं शंभर टक्के खरं आहे. आमच्या बराकीत माणशी दीड फरशी. नवा असेल त्याची जागा संडासाच्या बाजूला, मग जुना कोणी सुटला की एकेक फरशी पुढे सरकायचं. मी सुटलो तेव्हा भिंतीपर्यंत पोचलो होतो. खरं सांगतो, सुटकेच्या दिवशी क्षणभर वाटलं, अरेरे, आत्ताच तर भिंत मिळाली होती.

आत पैसा चालतो. घरून मनीऑर्डर येते, त्यातून कँटीनमधून बिस्किटं, साबण, फरसाण. ज्याची येते त्याचे कपडे दुसरा कोणीतरी धुतो. ज्याची येत नाही तो धुणारा. चोवीस तासांत बाहेरचा समाज आत जसाच्या तसा उभा राहतो. सगळ्यात वाईट मार नव्हे, मला कोणी मारलं नाही. वाईट हे की काही कळतच नाही. तारीख कधी, वकील आला का, घरी कोण आजारी आहे. माझ्या शेजारचा म्हातारा रोज विचारायचा, "आज काय वार?" वार कळून त्याला काय करायचं होतं देव जाणे.

भाकरतुकडा

विनोद करणार होतो, आता सुचत नाही. जेवणाचं सांगा, काका.

अनामिक ४१

जेवण? कॉलेजच्या मेसपेक्षा वाईट नव्हतं. पातळ डाळ, चपातीला वास पिठाचा नाही, तव्याचा. चहा गोड, अति गोड. पण पाचच्या सुमारास रात्रीचं जेवण हातात, आणि मग सकाळपर्यंत बंद. आठ वाजता भूक लागते आणि डब्यातली डाळ आंबलेली असते. ज्यांना रक्तदाब, मधुमेह आहे त्यांचं काय होत असेल हा विचार करा.

सोनचाफा

आम्ही दिवाळीत येरवड्याच्या कैद्यांनी केलेला फराळ आणि सागवानी पाट आणतो. पाट तर अप्रतिम. आज हे वाचून पाटाकडे वेगळ्याच नजरेनं बघितलं.

पूर्वरंग

अवांतर होईल, पण मराठी माणसाचं आणि तुरुंगाचं नातं बघा. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी उतरवून घेत. आपण घराघरांत जे वाचतो त्यातलं कितीतरी गजांआड जन्मलं.

लाल गेट

साहेब, ते राजबंदी. त्यांच्या शेजारच्या बराकीत कोंबडीचोर होता, त्याचं कोणी उतरवून घेतलं नाही.

पूर्वरंग

मान्य.

ओस्लोकर

मी बारा वर्षं नॉर्वेत आहे. इथलं उदाहरण कोणीतरी देणारच, म्हणून आधीच देतो आणि आधीच सावधही करतो. हाल्डेनचा तुरुंग २०१० साली उघडला, प्रत्येकाला स्वतःची खोली आणि संडास, पहारेकऱ्याला दोन वर्षांचं शिक्षण. सुटलेल्यांपैकी दोन वर्षांत पुन्हा शिक्षा होणाऱ्यांचं प्रमाण साधारण वीस टक्के सांगतात. पण या आख्ख्या देशातले कैदी तीन हजारांच्या आसपास. म्हणजे एका आर्थर रोडइतके! आणि यांनाही जागा पुरत नव्हती, म्हणून काही वर्षं नेदरलँड्सचा एक तुरुंग भाड्याने घेतला होता. तेव्हा 'नॉर्वेसारखं करा' म्हणणं सोपं आहे. त्यांच्याकडून घ्यायचीच तर एक गोष्ट घ्यावी, पहारेकऱ्याला शिकवणं.

तोरणा

नॉर्वेचं कौतुक पुरे. तिथे करभरणा किती आहे ते बघा. आपल्याकडे प्रामाणिक माणसाच्या पोराला सरकारी दवाखान्यात खाट मिळत नाही, आणि चोराला एकट्याची खोली द्यायची?

माणदेशी

परदेशात जायची गरज काय? आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर, या दोघांनी १९३९ साली सुरू केलेली खुली वसाहत. खुनाच्या गुन्ह्यातले लोक, भिंत नाही, कुलूप नाही, बायकामुलांसह राहायचं आणि शेती करायची. शांतारामबापूंनी त्यावरून सिनेमा काढला, कथा आमच्याच तालुक्यातल्या गदिमांची. राष्ट्रपतींचं पदक मिळालं, परदेशात बक्षिसं मिळाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि वसाहत? अजून आहे, पण मूठभर लोकांसाठी. ऐंशी वर्षांपूर्वी माळरानावर सिद्ध झालेली गोष्ट आपण नमुना म्हणून कपाटात ठेवली.

विदावेडा

खुल्या कारागृहात फक्त शिक्षा झालेले आणि वागणूक चांगली असलेले जातात. कच्च्या कैद्याला तिथे प्रवेश नाही. म्हणजे खून शाबित झालेला माणूस शेतात, आणि मोबाइलवाला पोरगा दीड फरशीवर.

कावेरीकाठ

बरेच दिवस वाचत होते, आज लिहिते. माझ्या धाकट्या भावाचा २०१६ साली खून झाला. आरोपी तेव्हापासून आत आहे आणि खटला अजून संपलेला नाही. साक्षीदार दोन वारले. माझी आई दर तारखेला एसटीने जाते आणि 'आज पार्टी आली नाही' ऐकून परत येते.

तोरणा, तुम्ही आमच्या बाजूने बोलताय असं तुम्हाला वाटतं. तसं नाहीये. त्याला शिक्षा व्हावी, ही माझी इच्छा आहे. त्याला संडासाशेजारी झोपवावं, ही माझी इच्छा नाही, त्याने माझा भाऊ परत येत नाही. आणि तुरुंग किरकोळ लोकांनी भरलेत, कोर्टंही त्याच तारखांनी भरलीत, म्हणून आमचा खटला मागे पडतो. आम्ही आणि तो पोरगा एकाच रांगेत उभे आहोत. एवढंच.

मिरजमळा

ताई, काय बोलू. नमस्कार.

तोरणा

कावेरीकाठ ताई, तुमच्यापुढे मी काही बोलत नाही. पण धागाकर्त्यांना एक सरळ प्रश्न विचारतो. राग मानू नका. पिंपरीत तुमचा छापखाना आहे, म्हणजे घरपट्टी, वीजबिल, जीएसटी सगळं आहे. एवढा कळवळा आहे तर साडेतीन महिन्यांत तुम्हीच जामीनदार का राहिला नाहीत?

भाकरतुकडा

पॉपकॉर्न ठेवून दिलं. प्रश्न बरोबर आहे.

सई_ना

खिळेजुळारी उत्तर देतीलच, तोवर बायकांबद्दल. मी सात-आठ वर्षं महिला विभागात शिवणकाम शिकवायला जात होते. देशात कैद्यांमध्ये बाया शंभरात चार, त्यामुळे नियम, इमारत, डॉक्टर सगळं पुरुषांच्या मापाचं. पुरुष आत गेला तर बायको डबा, कपडे, वकील सगळं बघते. बाई आत गेली की नवरा पहिले दोन महिने येतो, मग येत नाही. सहा वर्षांखालचं मूल आईबरोबर राहू शकतं. एक पोरगी होती, चार वर्षांची, आतच चालायला शिकलेली. तिला बाहेर नेलं तेव्हा कुत्रा बघून ती घाबरली नाही, चंद्र बघून घाबरली. संध्याकाळी बंद व्हायचं, चंद्र कधी पाहिलाच नव्हता.

भायखळ्याला २०१७ साली एका बंदिनीचा मृत्यू झाला आणि कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा चार दिवस सगळे बोलले. पण त्याच महाराष्ट्रात शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली बायकांच्या कोठड्यांबद्दल आदेश दिले होते. महिला पोलीस, वेगळी कोठडी, अटक झाल्याबरोबर विधी सहाय्य समितीला कळवणं. चाळीस वर्षं झाली. आदेश उत्तमच होते हो.

ओस्लोकर

चंद्राचं वाचून बसून राहिलो.

चावडीकर

एक मौज बघा. कच्च्या कैद्याला मत देता येत नाही, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५). पण आतून निवडणूक लढवता येते! म्हणून तुरुंगातून खासदार होतो आणि मतदार होत नाही. तुरुंगांचं का होत नाही ते यातच आलं. अमक्या पक्षाचे ते साहेब तर

संपादक मंडळ

चावडीकर, प्रतिसादाचा शेवट काढला आहे. पक्ष आणि व्यक्ती नकोत, धागा चांगला चाललाय.

खिळेजुळारी

तोरणांचा प्रश्न दोन दिवस उराशी धरून बसलो. खरं सांगतो.

घरी विषय निघाला होता. भाऊ म्हणाला, "पळून गेला तर? पंधरा हजार जातील, कोर्टाच्या खेपा होतील, पोलीस घरी येतील." बायको म्हणाली, "आपल्याला काय माहीत तो कसा आहे." चार वर्षं त्याने आमच्या मशीनवर काम केलं, ब्लेडखाली बोट जाऊ न देता आमचा कागद कापला, आणि आम्हाला माहीत नव्हतं तो कसा आहे. मीही गप्प बसलो. व्यवस्थेबद्दल धागा काढायला मला साडेतीन महिने लागले, आणि जामीनदार राहायला जेमतेम एक दिवस लागला असता. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

तोरणा

तुम्ही खरं लिहिलंत. मी असतो तर लिहिलं नसतं. आणि मी असतो तर जामीनही राहिलो नसतो, तेही खरं.

काळा कोट

स्वतःला फार कोसू नका, ही भीती सगळ्यांनाच असते. म्हणूनच तर कोर्टाच्या आवारात भाड्याचे जामीनदार फिरतात, एकाच सातबाऱ्यावर दहा जणांना जामीन राहणारे. ज्याच्याकडे त्यांना द्यायला पैसे आहेत तो सुटतो, मग तो सराईत का असेना. जामीनदाराची अट पळणाऱ्याला अडवत नाही, गरिबाला अडवते.

१९७८ सालची मोती राम यांची केस आहे, मध्य प्रदेशातला गवंडी. दहा हजारांचा जामीनदार मागितला, भाऊ उभा राहिला तर म्हणे तो दुसऱ्या जिल्ह्यातला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी तेव्हाच झाडलं होतं. तुमच्या यवतमाळच्या पोराची आणि त्या गवंड्याची केस शेजारी ठेवा, फक्त इसवी सन बदला.

विदावेडा

नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ४७९ आलंय ना? पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश शिक्षेइतका काळ काढला की जामिनावर सुटका?

काळा कोट

हो, आणि ते जुन्या खटल्यांनाही लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. अधीक्षकाने स्वतः कोर्टाला लिहायचं आहे. पण एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असले की सवलत नाही. सेटलमेंटवाला, तुमच्याकडच्या किती जणांवर एकच गुन्हा असतो?

सेटलमेंटवाला

एक पकडला की चार जुने न सुटलेले गुन्हे त्याच्याच नावावर. तुम्हाला माहीतच आहे, वकीलसाहेब.

काळा कोट

माहीत आहे. म्हणूनच विचारलं.

पैशाअभावी अडकलेल्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजनाही आहे, सुरुवातीला कच्च्या कैद्याला चाळीस हजारांपर्यंत होती. अर्ज जिल्हा समितीकडे जातो. तुरुंगात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास'सारखे लोक असले तर ते कागद हलवतात. नसले तर योजना छान आहे, एवढंच.

खिळेजुळारी

धागा वर आणतो, तीन आठवडे झाले.

लोकअभिरक्षक कार्यालयात गेलो. एक तरुण वकील मुलगी होती, समोर फायलींचा ढीग. तिने त्याच दिवशी अर्ज लिहिला. कोर्टाने रोख जामीन मान्य केला, पाच हजार. पाच हजार! एवढी रक्कम आमच्याकडे एका लग्नपत्रिकेच्या ऑर्डरचा अ‍ॅडव्हान्स असते. मी भरले.

परवा संध्याकाळी गेटवर थांबलो होतो. साडेसहाला दिंडीदरवाजा उघडला, एकेक करून सात जण आले. हा शेवटचा. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पट्टा, पाकीट आणि बंद पडलेलं घड्याळ. मी विचारलं, काय खातोस? म्हणाला, "शेठ, आधी जरा चालू या. सरळ." स्टॉप मागे टाकून आम्ही पुढे चालत गेलो, दोघंही न बोलता.

सोनचाफा

डोळे पाणावले. फार छान केलंत.

मिरजमळा

शाब्बास! कामावर परत घेतलंत ना?

खिळेजुळारी

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. कटिंगवर मी डिसेंबरातच दुसरा माणूस ठेवला होता. तोही चांगला आहे, त्याचंही घर आहे. याला सध्या बायंडिंगला बसवलंय, अर्ध्या पगारावर. त्याच्या खोलीवरच्यांनी त्याची जागा दुसऱ्याला दिली आहे, म्हणून रात्री छापखान्यातच झोपतो. काल सकाळी लवकर शटर उघडलं तर एवढ्या मोठ्या जमिनीवर तो भिंतीला चिकटून एका कुशीवर झोपला होता.

अनामिक ४१

जाईल ते. मला चारेक महिने लागले. त्याला दिवा चालू ठेवून झोपायचं असेल तर झोपू द्या. आत रात्रभर दिवा असतो, अंधारात झोप लागत नाही सुरुवातीला.

लाल गेट

आणि घड्याळात सेल टाकून द्या.

काळा कोट

खटला अजून चालू आहे, हे विसरू नका. तारीख चुकली तर वॉरंट निघेल आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढची तारीख कधी आहे?

खिळेजुळारी

येत्या गुरुवारी, अकरा वाजता. त्या दिवशी छापखाना दुपारपर्यंत बंद ठेवतोय, मी बरोबर जातो.

तोरणा

कोणतं कोर्ट? मी त्याच भागात असतो गुरुवारी. उशीर झाला तर गाडीने सोडेन.